झाकली मूठ वेळेवर उघडावी

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाच्या अब्रूपुरती ती खरी असेल. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र ती जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतीच लागू पडते. मूल मूठ वळूनच जन्माला येते आणि त्या काळात त्याची मूठ झाकलेली असणे अगदी स्वाभाविक होय. परंतु तीन-साडेतीन महिने उलटूनही ती उघडत नसेल, अथवा एक हात मोकळा होऊन दुसरा वळलेलाच राहिला असेल, तर त्याचे कारण जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घेणे अगत्याचे ठरते.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसले असून कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या लोहमार्गावरही त्याचे स्थानक आहे. रस्ता आणि रेल्वे अशा दोन्ही सोयी असल्यामुळे कुर्डुवाडी, पंढरपूर आणि सोलापूर येथील दवाखाने या गावाच्या आटोक्यात आहेत. पण दवाखाना आटोक्यात असणे आणि मूल तेथे वेळेवर पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळाच्या हालचालीत काही वेगळे आहे हे प्रथम घरातील कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते. त्यानंतर ते बोलून दाखवण्याचा धीर व्हावा लागतो. आणि ऐकणाऱ्याने “होईल हळूहळू” एवढे म्हणून विषय मिटवू नये, हेही तितकेच आवश्यक असते. मोडनिंबसारख्या गावांतील अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, शिक्षक व पंचायत सदस्य यांना या कामी काय करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

मूठ का वळलेली असते?

बाळाच्या तळहातावर आपले बोट टेकवले की ते ताबडतोब घट्ट धरते. बाळाने आपल्याला ओळखले, असे घरच्या मंडळींना कौतुकाने वाटते. वस्तुतः ही इच्छेने केलेली क्रिया नसते. डोळ्यासमोर काही आले की पापणी आपोआप मिटते, तशीच ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. गर्भावस्थेच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारासच तिची सुरुवात झालेली असते. लुई रॉबिन्सन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी १८९१ साली नवजात बालकांची ही पकड तपासली, तेव्हा हाताने धरलेल्या काठीला बहुतेक बालके काही सेकंद लोंबकळू शकतात असे त्यांना आढळले. असला प्रयोग आज कोणी करू नये. पण इवल्याशा मुठीत केवढा जोर असतो, हे त्यावरून कळते.

या क्रियेचे नियंत्रण मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग यांच्याकडे असते. मेंदूचा वरचा, म्हणजे विचारपूर्वक हालचाल घडवणारा भाग जन्मतः पुरता कामाला लागलेला नसतो. जन्मानंतरच्या महिन्यांत तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंवर हळूहळू आवरण चढते, त्यांतून जाणारे संदेश जलद होतात आणि वरचा मेंदू खालच्या भागाला आवर घालू लागतो. मग मूठ सैल पडते, बोटे मोकळी होतात आणि बाळ स्वतःच्या इच्छेने वस्तू धरायला शिकते. थोडक्यात, मूठ उघडणे ही मेंदूने हाताचा कारभार आपल्याकडे घेतल्याची खूण आहे. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागावर हाताच्या वाट्याला आलेली जागा फार मोठी आहे. उजव्या हाताचा कारभार डावा मेंदू आणि डाव्या हाताचा उजवा मेंदू पाहतो. म्हणूनच मेंदूत कोठे काही बिघडले, तर त्याची पहिली चाहूल पुष्कळदा हातात लागते.

महिन्यामहिन्याने उघडणारा हात

पहिल्या दीड महिन्यात बाळाच्या मुठी बहुतेक वेळ वळलेल्या असतात. पोटभर दूध पिऊन ते झोपले की बोटे सैलावतात, भूक लागली किंवा रडू आले की पुन्हा आवळली जातात. दुसऱ्या महिन्यात जागेपणीही मूठ अधूनमधून उघडू लागते. तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान जागेपणीचा बराचसा वेळ हात मोकळे राहतात. बाळ ते तोंडाशी नेते, छातीवर एकमेकांत गुंतवते आणि डोळ्यांसमोर धरून निरखते. हातात खुळखुळा दिला तर धरून ठेवते. मात्र तो आपणहून सोडणे त्याला अद्याप साधत नाही.

चार-पाच महिन्यांचे मूल समोरच्या वस्तूकडे हात लांबवते. सहा-सात महिन्यांत ते एका हातातील वस्तू दुसऱ्या हातात घेते. पुढे बोटांचा पंजा करून ते वस्तू ओढते आणि नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत ताटाबाहेर सांडलेले भाताचे शीतही उचलते. वर्षाचे मूल “दे” म्हटले की हातातील वस्तू दुसऱ्याच्या हातावर ठेवू लागते आणि हवी असलेली वस्तू बोटाने दाखवते.

हे टप्पे केवळ परदेशी पुस्तकांतून घेतलेले नाहीत. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या शारीरिक हालचाली व मानसिक विकास यांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून तयार झालेली विकासमापनाची पट्टी देशातील बालविकास केंद्रांत वापरात आली. तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ बाबींचा एक सोपा तक्ता तयार केला असून प्रशिक्षित अंगणवाडी सेविकेलाही तो वापरता येतो.

प्रत्येक मूल ठरल्या दिवशीच ठरलेला टप्पा गाठते असे नाही. आठ-पंधरा दिवसांच्या फरकाने घाबरून जाण्याचे कारण नसते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र वेगळ्या रीतीने मोजावे लागते. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर साडेतीन महिन्यांच्या मुलाकडून जी अपेक्षा, ती त्याच्याकडून साडेपाचव्या महिन्यात करावयाची. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यावयाच्या असतात. शिवाय अशा बाळाला मुळातच अधिक धोका असल्याने त्याची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना होत राहिली पाहिजे.

केव्हा सावध व्हावे?

पुढीलपैकी एखादी गोष्ट दिसल्यास बाळाला विलंब न लावता वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे.

१. साडेतीन-चार महिन्यांनंतरही बाळ शांत व जागे असताना मुठी सतत घट्ट वळलेल्या राहणे. विशेषतः अंगठा तळहातात दुमडून बोटांखाली अडकलेला असणे.

२. दोन्ही हातांच्या हालचालीत कोणत्याही वयात स्पष्ट फरक दिसणे. एक हात सदैव मागे राहणे.

३. वर्षाच्या आतच बाळाने नेहमी एकाच हाताने वस्तू घेणे. अशा वेळी मूल डावरे किंवा उजवे आहे असे समजून लोक आनंदतात. परंतु हाताची आवड साधारणतः दीड वर्षानंतर ठरू लागते. त्यापूर्वी एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हातात बळ कमी आहे काय, हे पाहणे जरूर असते.

४. जन्मापासून एक हात कोपरात सरळ, आत वळलेला आणि निर्जीवपणे अंगालगत पडून असणे. अवघड प्रसूतीत मान व खांद्याजवळील मज्जातंतूंना ताण बसल्याने असे होते. यात मेंदूचा दोष नसतो आणि पुष्कळ बालकांचा हात व्यायामोपचाराने पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. तीन महिन्यांतही कोपर वाकू लागला नाही, तर तज्ज्ञ शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा लागतो.

५. येऊ लागलेली हाताची हालचाल पुन्हा नाहीशी होणे. धरू लागलेले मूल धरेनासे झाले, तर ती गोष्ट कधीही किरकोळ समजू नये.

याच्या जोडीला बाळाची मान चार महिन्यांनंतरही न धरली जाणे, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटणे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणे, तीन महिन्यांपर्यंत आईकडे पाहून न हसणे, आवाजाला न दचकणे, दूध ओढताना वारंवार ठसका लागणे किंवा आकडी येणे, यांपैकी काही असेल तर तपासणीची निकड अधिकच वाढते.

वळलेली मूठ हा स्वतः काही रोग नव्हे. एवढ्यावरून कोणत्याही मुलाच्या कपाळी कसलाही शिक्का मारता येत नाही. काही वेळा केवळ अंगठ्याच्या शिरेत अडथळा असल्याने अंगठ्याचे टोक वाकलेले राहते; तो दोष अगदीच वेगळा आणि साध्या उपचाराचा असतो. पुष्कळ मुलांत तपासणीअंती काहीही निघत नाही आणि आईबाप निश्चिंत मनाने घरी परततात. सेविकेचे वा शिक्षकाचे काम रोगाचे नाव सांगण्याचे नाही. जे दिसले ते नोंदवावे आणि मूल पुढे पाठवावे, एवढेच ते आहे.

मेंदूचा पक्षाघात आणि वेळेचे मोल

ज्या विकारासाठी हातांकडे विशेष लक्ष ठेवावे लागते, तो म्हणजे मेंदूचा पक्षाघात, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वाढत्या मेंदूला गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या काळात इजा पोचल्याने तो उद्भवतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास सुरू होण्यास लागलेला विलंब, उपचार न झालेली तीव्र कावीळ, रक्तातील साखर फार उतरणे आणि मेंदूज्वर ही त्याची प्रमुख कारणे होत. १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे डॉ. विल्यम लिटल यांनी कष्टप्रद प्रसूती व अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचा मुलांच्या ताठर अवयवांशी संबंध जोडून दाखवला. तेव्हापासून या विकाराचा अभ्यास सुरू आहे.

पूर्वी या विकाराचे निदान करण्यासाठी मूल वर्षा-दोन वर्षांचे होईपर्यंत थांबण्याचा प्रघात होता. मूल चालत नाही असे दिसले, की मग धावपळ सुरू होई. आता ती रीत मागे पडली आहे. अनेक देशांतील तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून २०१७ साली असे मांडले की, धोका असलेल्या बालकांत हे निदान सहा महिन्यांच्या आतही पुष्कळदा खात्रीने करता येते आणि संशय येताच उपचार सुरू करावेत.

एवढी घाई कशासाठी, हे नीट समजून घेतले पाहिजे. पहिल्या दोन वर्षांत मेंदूतील मार्ग वापराप्रमाणे घडत असतात. ज्या वाटेने रहदारी होते ती रुळते. जिच्यावरून कोणी जात नाही ती बुजते. एका हातात बळ कमी असले की मूल साहजिकच दुसऱ्या हाताने काम भागवते. त्यामुळे दुबळा हात आणखी वापराबाहेर जातो, स्नायू आखडतात आणि मेंदूतील त्याची वाटही पुसट होत जाते. लवकर सुरू केलेले उपचार हे चक्र रोखण्यासाठी असतात. खेळणी अशा बाजूला व अशा रीतीने ठेवली जातात की मुलाला दुबळा हात पुढे करावाच लागेल. काही मुलांच्या बाबतीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगल्या हातावर थोडा वेळ मोजा चढवून दुसऱ्या हाताला काम दिले जाते. व्यायामोपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञ हे सारे आईला शिकवतात, कारण खरा उपचार दिवसभर घरीच चालतो.

या उपचारांनी मेंदूची इजा भरून निघते असे म्हणता येत नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्यांपासून सावधच राहावे. तथापि हात आखडू न देणे, मुलाला स्वतःच्या हाताने जेवता यावे, कपडे घालता यावेत, पेन्सिल धरता यावी, एवढे साधले तरी त्या मुलाचे आणि त्याच्या आईचे आयुष्य पालटते.

पुण्यातील दीर्घकालीन पाहणी

कमी वजनाच्या बालकांचे पुढे काय होते, याविषयी महाराष्ट्रातच मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील नवजात बालक विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, जन्मतः २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. मुले अठरा वर्षांची होईपर्यंत ही पाहणी चालली.

मुले बारा वर्षांची असताना केलेल्या तपासणीत, पूर्ण वजनाच्या मुलांच्या तुलनेत त्यांचा बुद्ध्यंक काहीसा कमी आढळला. त्याचबरोबर डोळा व हात यांचा मेळ घालण्यात ती मागे पडत असल्याचे आणि लेखन व गणित या विषयांत त्यांना अडचणी येत असल्याचे दिसून आले. शिक्षकांनी या निष्कर्षाची विशेष दखल घ्यावी. अक्षर वेडेवाकडे काढणारा, फळ्यावरचे उतरवून घेण्यास वेळ लावणारा मुलगा नेहमीच आळशी किंवा हूड असतो असे नाही. त्याच्या हाताची गोष्ट कदाचित पाळण्यापासून सुरू झालेली असते. अशा मुलास शिक्षा देण्याऐवजी त्याच्या पालकांकडे जन्माच्या वेळचे वजन व त्या वेळी झालेला त्रास यांची चौकशी करावी आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला त्याला आवर्जून दाखवावे.

लसीकरणाच्या दिवशी दोन मिनिटे

हातच्या कंकणाला आरसा कशाला, असे म्हणतात. बाळाच्या हाताची पाहणी करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही; पाहणारा डोळा तेवढा हवा. आणि पाहण्याचा दिवसही शासनाच्या वेळापत्रकाने आधीच ठरवून दिलेला आहे. प्रत्येक बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे झाल्यावर लसीकरणासाठी येते. त्यांतील तिसरी भेट, म्हणजे चौदाव्या आठवड्याची, ही मूठ उघडली की नाही हे पाहण्यास सर्वांत योग्य अशी आहे. पुढे नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी बाळ दोन्ही हात सारखेच वापरते काय, वस्तू या हातातून त्या हातात घेते काय, आणि चिमटीची सुरुवात झाली आहे काय, हे पाहावे.

पाहणी सुई टोचण्यापूर्वी करावी, कारण रडणाऱ्या बाळाची मूठ वळणारच. दुपटे सोडावे, हातमोजे काढावेत, मनगटातील बिंदल्या जरा वर सरकवाव्यात आणि आईच्या मांडीवर बाळाला उताणे ठेवून दोन्ही हात एका वेळी न्याहाळावेत. वळलेली मूठ बोटे ओढून उघडू नये. तळहाताच्या मागच्या बाजूने, करंगळीच्या कडेने हलकेच बोट फिरवल्यास निरोगी बाळाची मूठ सहसा सैलावते. जे दिसेल ते माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहावे.

या कामाचा बोजा किती, याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. सपाटीच्या प्रदेशात सुमारे ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे शासनाचे प्रमाण आहे. राज्याचा जन्मदर हजारी सुमारे १५ धरला तर अशा केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला साडेचारशेच्या आसपास बालके जन्मतात. मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण दर हजार मुलांमागे सुमारे दोन ते तीन मानले जाते. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला वर्षाकाठी असे साधारण एक मूल येते. हजार लोकसंख्येमागे काम करणाऱ्या एका आशा स्वयंसेविकेच्या नजरेखाली वर्षभरात पंधराच्या सुमारास नवी बाळे असतात. पंधरा बाळांचे तीस हात पाहणे हे काही अशक्य काम नव्हे. पण ते पाहिले नाहीत, तर ते एक मूल निसटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाला. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी मुलांची तपासणी त्यात होते. फिरती पथके अंगणवाडीस वर्षातून दोनदा भेट देतात. तथापि पथक येऊन गेल्यानंतर जन्मलेले बाळ पुढील भेटीपर्यंत सहा महिन्यांचे झालेले असते. ही उणीव भरून काढण्याचे साधन म्हणजे आशा स्वयंसेविकेची गृहभेट. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांतून, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली आणि बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटवून दाखवले. २०११ पासून नवजात बालकाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर हाती घेण्यात आला. २०१८ साली त्यास तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या भेटींची जोड मिळाली. तिसऱ्या महिन्याची ही भेट मुठीच्या दृष्टीने नेमक्या वेळी येते.

न्हाऊ घालणाऱ्या बाईचे म्हणणे ऐकावे

गावात बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालणारी अनुभवी बाई असते. शेकडो बाळे तिच्या हातांखालून गेलेली असतात. “याचा डावा हात जरा ताठ लागतो,” असे ती म्हणाली, तर त्या बोलण्याला किंमत द्यावी. आरोग्य सेविकेने अशा बायकांना विश्वासात घेतल्यास तिला आयते मदतनीस मिळतील. मात्र आखडलेला हात जोराने चोळून वा ओढून मोकळा करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. डागणे, गंडेदोरे बांधणे अशा उपायांत बाळाला इजा होते आणि अमोल महिने वाया जातात.

निरोगी बाळाच्या हातांनाही मोकळीक लागते. थंडीवाऱ्यात बाळास गुंडाळणे योग्यच. पण जागेपणी हात दुपट्याबाहेर असावेत. हातमोजे दिवसभर ठेवू नयेत. नखे वेळेवर काढली की त्यांची फारशी गरज राहत नाही. जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, बाळाला थोडा वेळ पालथे ठेवल्यास ते हातांवर भार घेऊ लागते व तळवे उघडतात. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे. तळहातावर बोट टेकवून म्हणावयाची बडबडगीते, टाळ्यांचा खेळ, पाळण्यावरचा चिमण्यांचा झुंबर या आपल्या जुन्या गोष्टी हाताच्या विकासाला पोषकच आहेत.

पंचायतीने काय करावे?

माढा तालुक्यात आणि आसपास उसाचे पीक मोठे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांच्यासोबतच्या तान्ह्या बाळांची नोंद ना त्यांच्या गावी राहते, ना येथे होते. साडेतीन महिन्यांची भेट हुकण्याचा संभव सर्वांत जास्त कोणाचा, तर या बाळांचा. टोळी उतरली की तिच्यातील दोन वर्षांखालील मुलांची यादी करून ती आरोग्य उपकेंद्राकडे देणे, हे काम ग्रामपंचायत सहज करू शकते. आईजवळचे कार्ड पाहून राहिलेली भेट पुरी करून घ्यावी आणि त्याच कार्डावर नोंद करावी, म्हणजे ती तिच्यासोबत पुढच्या गावी जाईल.

दुसरे काम प्रवासाचे. बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीस न्यावयाचे तर आईचा रोजगार बुडतो, सोबत माणूस लागते आणि एका फेरीत काम होत नाही. सोलापूरला १९६३ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे; मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पण पहिल्या फेरीनंतर कंटाळून उपचार सोडणारी कुटुंबे पुष्कळ असतात. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी, असा दंडक आहे. ही रक्कम वर्षाअखेरीस घाईने वाटून टाकण्याऐवजी अशा बालकांच्या उपचारांसाठी नियमांच्या चौकटीत कशी उपयोगी पडेल, याचा विचार ग्रामसभेत व्हावा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मेंदूच्या पक्षाघाताचा समावेश आहे. या कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची तरतूद आहे. ही माहिती गरजू घरापर्यंत पोचवणे हे सदस्यांचे कर्तव्य होय.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे. मुलात काही कमी आहे हे लोकांना कळू नये म्हणून घरातील माणसे ते झाकतात. दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. तिच्या माहेरापासून ग्रहणापर्यंत सगळ्यांची चर्चा होते आणि मूल मात्र घरातच राहते. गर्भारपणी ग्रहणात काय चिरले, काय कापले, याचा बाळाच्या हाताशी काहीही संबंध नाही. सरपंचांनी, मुख्याध्यापकांनी, गावातील वडीलधाऱ्यांनी हे चारचौघांत स्पष्ट बोलून दाखवले, तर एखाद्या आईला मूल पदराबाहेर काढण्याचे बळ येईल.

येत्या लसीकरण सत्रात साडेतीन महिन्यांच्या प्रत्येक बाळाचे दोन्ही हात पाहिले जातील आणि त्याची नोंद होईल, एवढा एक ठराव गावाने केला तरी पुष्कळ होईल. त्यासाठी वेगळा निधी नको, इमारत नको. बहुतेक मुठी उघडलेल्याच आढळतील. एखादी वळलेली दिसली, तर तिच्यासाठी उरलेल्या महिन्यांतला एकही वाया जाऊ नये, याची जबाबदारी आईबापांच्या बरोबरीने गावानेही उचलली पाहिजे.